रस्त्यापलीकडची शाळा

सारोळ्यात नीरेचा पूल जवळ आला की रस्त्याच्या डाव्या हाताला रियाजचं पंक्चरचं दुकान होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं राहायच्या दोन खोल्या. रियाजचा स्वभावच असा, की नुसती हवा भरायला थांबलेला ड्रायव्हरही दोन गोष्टी बोलून, हसूनच पुढं जायचा. एखादा टायर रिंगला चिकटून अडून बसला तर रियाज त्याच्याशी बोलायचा. आधी लाडीगोडी, मग शिव्या, मग परत लाडीगोडी. त्याची सहा वर्षांची सदफ शाळेतून आली की बापाची हुबेहूब नक्कल करायची आणि तिची अम्मी शाहिस्ता भाकरी थापायची थांबून पोट धरून हसायची.

त्या साली रस्ता चौपदरी झाला. आधी पलीकडच्या हॉटेलातल्या आनंदरावांना इकडून हाक मारली तर ऐकू जायची. आता मध्ये दुभाजक आला, दोन्ही अंगांनी गाड्या पुलावरून सुसाट सुटायला लागल्या आणि हाक मारणं बंद झालं. वस्ती अलीकडं राहिली, शाळा पलीकडं. तरी माणसांना सवय होते. रियाजलाही झाली होती. सकाळी सदफचा हात धरून तो तिला पलीकडं सोडून यायचा, दुपारी घेऊन यायचा.

भादव्यातली दुपार होती. रियाज ट्रकच्या चाकात टॉमीची लोखंडी पहार घालून टायर खोलत होता आणि अडीच वर्षांचा वसीम त्याच्या पाठीमागं खेळत होता. शेजारी भामाबाई पेरूची पाटी घेऊन बसायची. साठीची बाई, एकटीच राहायची. तिच्या कोंबड्या दिवसभर दोन्ही दारांत हिंडायच्या. त्यातली एक कोंबडी रस्त्याकडं निघाली आणि वसीम तिच्यामागं निघाला. कोंबडी उडून बाजूला झाली. पोरगं सरळ गेलं.

ब्रेकचा आवाज झाला तेव्हा रियाजची पाठ रस्त्याकडं होती. वळला तर रस्त्यात आडवा झालेला ट्रक, जळक्या रबराचा वास, आणि ट्रकच्या बंपरपुढं हातभरावर उभा असलेला वसीम. तोंडात अंगठा. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, पोराला पाहिलं आणि तिथंच डांबरावर मटकन बसला. "अरे बाबा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. रियाजनं धावत जाऊन पोराला उचललं. वसीमला वाटलं अब्बा खेळतोय. तो हसायला लागला.

कुणालाही ओरखडा उठला नव्हता. शाहिस्ता त्या दिवशी खूप रडली, पोराला कुशीतून खाली ठेवेना. भामाबाईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आनंदरावांनी पेढे आणले. पुढच्या जुम्म्याला रियाजनं मशिदीत शुक्रान्याची नमाज पढली. आठवडाभरात लोक ती गोष्ट विसरूनही गेले. कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

रियाज मात्र त्या दिवशी रडला नव्हता. आणि पुढंही बरेच दिवस त्याला रडू आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं.

कुठंही ब्रेक करकचला की त्याच्या हातातली ताकद जायची. पान्हा हातात असायचा पण नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते सुचायचं नाही. छातीत नगारा वाजायला लागायचा, घशाला कोरड पडायची. डोळे आधी पोराला शोधायचे. पोरगं दिसलं तरी छातीतली धडधड थांबायची नाही. जेवताना तो मध्येच उठून दाराची कडी बघून यायचा. परत बसला की घास गिळवत नसे.

मग एका सकाळी त्यानं मऊ सुती दोरी आणली. एक टोक वसीमच्या कमरेला, दुसरं बाकड्याच्या पायाला.

"अहो, हे काय?" शाहिस्तानं विचारलं. "वासरू हाय व्हय ते?"

"मला काम करायचंय का न्हाई?" रियाज तिच्याकडं न बघता म्हणाला. "हिकडं बघू का तिकडं बघू?"

पहिले दोन दिवस वसीमनं रडून आकांत केला. तिसऱ्या दिवशी तो रडायचा थांबला. बाकड्याखाली बसून दोरीचं टोक चघळायला लागला. शाहिस्ताला ते रडणं परवडलं असतं.

सदफच्या शाळेचंही तसंच झालं. आज आभाळ भरून आलंय, आज कारखान्याच्या उसाच्या गाड्या जास्त आहेत, आज माझा पाय मुरगळलाय. रोज एक कारण. सदफ दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची आणि बापाच्या तोंडाकडं बघायची. मग मुकाट्यानं दप्तर खुंटीला अडकवायची. तिनं नक्कल करणं सोडून दिलं होतं. तशी रियाजनंही टायरशी बोलायचं सोडलंच होतं.

सोमेश्वर नावाचा एक जण वडापची जीप चालवायचा. सारोळ्याहून कापूरहोळपर्यंत माणसं भरून न्यायचा आणि आणायचा. एक दिवस तो रियाजकडून जीपचं मागचं चाक बदलून घेऊन गेला आणि थोड्याच वेळात परत आला. गाडीत बायका होत्या, मांडीवर लेकरं होती. सोमेश्वर खाली उतरला, रियाजला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "रियाज, नट आवळायचे राहिलेत रं."

रियाज चाकाजवळ बसला. पाचच्या पाच नट ढिले होते. बोटांनी फिरत होते.

सोमेश्वर शिव्या घालील असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सोमेश्वर त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "बरं न्हाई का तुला? तुझ्या हातनं असलं कधी झालं न्हाई."

"लक्ष न्हवतं," रियाज म्हणाला. नट आवळताना पान्हा दोनदा निसटला, तेव्हा शेवटचे दोन सोमेश्वरनंच आवळले.

त्या संध्याकाळी रियाजनं शाहिस्ताला काही सांगितलं नाही. आपल्या पोराला जपता जपता आपण दुसऱ्याच्या पोरांना मारून बसलो असतो, हा विचार मात्र त्याच्या डोक्यातून हलेना.

शाहिस्ता काय आंधळी नव्हती. दोन दिवसांनी तिनं सदफची वेणी घातली, डबा भरला आणि ठामपणे म्हणाली, "आज पोरगी शाळेत जाणार. शाळेतल्या मोहिनीबाईंचा दोनदा निरोप आला. तुमाला जमत न्हसंल तर मी नेते."

"नगं. मीच नेतो," रियाज म्हणाला. बायकोला रस्ता ओलांडायला लावायचं, हे तर त्याहून भयंकर होतं.

पहिली बाजू त्यानं सदफला जवळजवळ उचलूनच पार केली. दुभाजकावर पोचला. पुढची बाजू मोकळी होत होती, पण त्याचा पाय उचलेना. एक ट्रक गेला, एसटी गेली, मग रस्ता चांगला मोकळा पडला. तरी पाय उचलेना. छातीत धडधड सुरू झाली आणि या वेळी थांबलीच नाही. डाव्या हाताला मुंग्या आल्या, कपाळावरून घाम ओघळला, डोळ्यांपुढं रस्ता आत-बाहेर व्हायला लागला. आता आपण मरणार, आणि पोरगी ह्या मधल्या पट्टीवर एकटी राहणार, असं त्याला स्वच्छ वाटलं.

"अब्बा, चला की," सदफ म्हणाली. "मोकळा झाला."

तो खाली बसला. सदफचं मनगट मात्र त्यानं सोडलं नाही.

"अब्बा, दुखतंय," सदफ अगदी बारीक आवाजात म्हणाली.

पाटीपाशी बसलेल्या भामाबाईनं ते पाहिलं. ती उठली, लुगड्याचा ओचा खोचला आणि डावीउजवीकडं बघत दुभाजकावर आली. रियाजची बोटं तिनं एकेक करून सोडवली. "तू बस हितंच. म्या पोरीला सोडून येते."

ती सदफला घेऊन गेली, शाळेच्या फाटकात मोहिनीबाईंच्या हाती देऊन परत आली, आणि रियाजच्या शेजारी दुभाजकावर बसली. दोन्ही अंगांनी गाड्या जात होत्या. भामाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ नुसता वरून खाली फिरवला.

"मावशी, काळीज बंद पडतंय माझं," रियाज कसाबसा बोलला.

"बंद पडलं असतं तर बोलला असतास व्हय? घे, श्वास घे. सावकाश." थोड्या वेळानं ती म्हणाली, "माजी पाच पोरं त्या तिकडं डोंगराला वाढली. खाली ओढा, वर कडा, आन् म्या दिसभर शेरडांमागं. लई भ्यायले बाबा. पर सांगायचं कुणाला? सासूला सांगितलं असतं तर म्हणली असती, थेरं करती. तू सांग. तुला सांगायला माणसं हायती."

रियाजनं काही सांगितलं नाही. पण त्याला उठता आलं.

दुसऱ्या दिवशी शाहिस्तानं त्याला भोरला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पोरं भामाबाईकडं ठेवायची होती. रियाज एसटीत चढून दोनदा खाली उतरला. "दोरी सोडू नका," असं भामाबाईला सांगितलं, ती "बरं बरं" म्हणाली. शेवटी शाहिस्तानं त्याला खिडकीशी बसवलं आणि आपण अलीकडच्या जागेवर बसली, म्हणजे उतरायचं झालं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई केस पांढरे झालेल्या, थोड्या कडक दिसणाऱ्या होत्या. त्यांनी रियाजच्या छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्तदाब बघितला, डोळे बघितले. मग म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे तुमचं."

रियाजच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. "मंग मी काय खोटं बोलतोय व्हय, डॉक्टर?"

"खोटं कोण म्हणालं? धडधडतंय ते खरंच धडधडतंय." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "कधीपासून होतंय हे?"

रियाजनं शाहिस्ताकडं बघितलं. मग शाहिस्तानं कोंबडीपासून सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचं शरीर धावायला तयार झालं. पोराला वाचवायचं होतं ना. पोरगं वाचलं, पण शरीराला ते कुणी कळवलंच नाही. ते अजून धावतंय. लहान लेकरांच्या आईबापांचं असं पुष्कळदा होतं. बायका निदान माझ्यापुढं रडतात. पुरुष छाती दुखते म्हणून येतात."

त्यांनी त्याला तिथंच श्वास घ्यायला शिकवलं. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, घाई करायची नाही. चहा कमी करायला सांगितला. महिनाभरात उतार पडला नाही तर पुण्याला ह्याचेच डॉक्टर असतात, त्यांच्याकडं चिठ्ठी देईन, त्यात लाजायचं काही नाही, असंही सांगितलं. उठता उठता त्यांनी विचारलं, "आजपर्यंत कोणाला बोललात का हे?"

रियाजनं नाही म्हणून मान हलवली. शाहिस्ता त्याच्याकडं बघत राहिली.

भोरच्या एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसली. समोर एक बाई आपल्या पोराला केळ भरवत होती आणि पोरगं तोंड फिरवत होतं. रियाज तिकडं बघत म्हणाला, "माझी पाठ हुती रस्त्याकडं."

शाहिस्ता त्याच्याकडं वळली.

"सारखं तेच दिसतं. मी रस्त्याकडं तोंड करून बसलो असतो तर? पोरगं मागं खेळतंय, आन् मी रस्त्याकडं पाठ करून बसलो. बाप असतो व्हय असा?" आणि मग भर स्टँडवर, दिवसाउजेडी, तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून, खांदे हलवत.

शाहिस्तानं ओढणीचं टोक त्याच्या हातात दिलं. "दुकानाकडचं दार मी उघडं ठिवलं हुतं," ती म्हणाली. "वसीम घरात हुता माझ्याजवळ. मी धुणं वाळत घालायला गेले आन् कडी लावली न्हाई. तो तुमच्याकडं आला ते तुमाला ठाऊक तरी हुतं का?"

रियाजनं मान वर केली. खरं म्हणजे त्याला नीट आठवतच नव्हतं.

"मला वाटायचं तुमी मनात माझ्यावर रागावलाय," शाहिस्ता म्हणाली. "म्हणून बोलत न्हाई. म्हणून दोरी बांधली. आईला सांभाळता येत न्हाई म्हणून."

"तुझ्यावर?" रियाज म्हणाला. "तुझ्यावर कशापायी?"

"मंग सांगायचं की तसं!" ती म्हणाली, आणि आता तिचेही डोळे भरून आले. गाडी लागली, माणसं चढली. ती दोघं मागच्या गाडीनं गेली.

सारोळ्यात उतरली तेव्हा वसीम बाकड्याशी नव्हता. दोरी तेवढी पडली होती. रियाजची छाती उसळली. पण लगेच घरामागून आवाज आला. भामाबाईच्या घरामागं काढलेल्या भुईमुगाचं वावर होतं. त्यात वसीम मातीनं माखून, कोंबड्यांमागं आरोळ्या ठोकत पळत होता. सदफ त्याच्यामागं, आणि भामाबाई बांधावर शेंगा फोडत बसलेली.

"दोरी सोडली व्हय, मावशी?" रियाजनं विचारलं.

"न्हाई रं, मीच हिथं बसले की दोरीगत," भामाबाई म्हणाली. "पोरगं किती दिवसांनी पळालं बघ."

रियाज बांधावर बसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसा श्वास घेतला, सावकाश सोडला. धडधड लगेच गेली नाही. पण वाढलीही नाही. पोरगं पडलं, उठलं, परत पळालं. परत आल्यावर त्यानं ती दोरी गुंडाळून भामाबाईला शेरडू बांधायला देऊन टाकली.

मग तो कामाला लागला. दुकानामागं जुन्या, फाटक्या टायरांचा ढीग होता. त्यानं शेडपासून घराच्या कोपऱ्यापर्यंत चर खणला, टायर वीतभर जमिनीत पुरून एकाला एक लावून उभे केले, तारेनं आवळले. पोराच्या डोक्याएवढी भिंत झाली. मध्ये बांबूचं फाटक केलं, त्याला पोराच्या हाताला न लागणारी कडी लावली. शाहिस्तानं टायरांना चुना फासला. सोमेश्वर जीप थांबवून म्हणाला, "किल्ला बांधलास की रं!" रियाज हसला. पुष्कळ दिवसांनी हसला होता. गाल आखडल्यासारखे झाले.

शाळेचं शाहिस्तानं काढलं. वस्तीवरच्या बायकांना तिनं एका दुपारी गोळा केलं, तर कळलं की जी ती मनात तेच घोळवत होती. कुणी पोराला उशिरा पाठवायची, कुणी रस्त्याकडं बघत स्वयंपाक करपवायची. मग ठरलं, की रोज एकानं सगळी पोरं एकत्र पलीकडं न्यायची. समोरून मोहिनीबाई फाटकाबाहेर येऊन उभ्या राहतील. पहिली पाळी रियाजनं मागून घेतली. शाहिस्ता म्हणाली, "जमंल का?" तो म्हणाला, "ठाऊक न्हाई."

आदल्या संध्याकाळी सदफ त्याच्याजवळ येऊन बसली. मनगटाकडं बघत तिनं विचारलं, "अब्बा, तुमी माझ्यावर चिडला हुता का?"

"न्हाई गं."

"मंग माझा हात एवढा जोरात का धरला?"

रियाजला नेहमीसारखं "कुठं काय" म्हणावंसं वाटलं. पण तो म्हणाला, "मला भ्या वाटत हुतं."

सदफनं त्याच्याकडं नीट बघितलं. ही गोष्ट तिला पटत नव्हती. "तुमाला? मोठ्या माणसाला?"

"व्हय. लई."

"पालीचं पण वाटतं?"

"पालीचं न्हाई. गाड्यांचं. तुमाला काय हुईल याचं."

सदफनं विचार केला. "मला पालीचं वाटतं," ती म्हणाली, आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या माझा हात हळू धरा."

दुसऱ्या दिवशी पोरांची माळ लावून रियाज रस्त्याकडं निघाला. दुभाजकावर छाती वाजायला लागलीच. त्यानं सदफचा हात हळू धरला, श्वास सोडला, आणि पोरांना म्हणाला, "थांबा रं, मला जरा दम खाऊ द्या." पोरं थांबली. कुणाला काही वाटलं नाही. रस्ता मोकळा झाला आणि सगळी पलीकडं गेली.

त्याचं दुखणं एका दिवसात गेलं असं नाही. त्या हिवाळ्यात दोनतीनदा त्याला हातातलं काम ठेवून मागं वावरात जाऊन बसावं लागलं. तसं झालं की तो शाहिस्ताला सांगायचा, "आलंय बघ ते." ती हातातलं टाकून येऊन बसायची, नाहीतर नुसतंच म्हणायची, "येऊ द्या. जाईल." तिचंही कधी तसं व्हायचं, तेव्हा तो बसायचा. नट आवळल्यावर मात्र तो प्रत्येक चाकाला परत एकदा हात लावून बघायचा. ती सवय चांगलीच होती, म्हणून ती राहिली. आणि एका सकाळी अडलेल्या टायरला त्यानं खणखणीत शिवी घातली, तेव्हा घरातून सदफची तशीच शिवी ऐकू आली आणि पाठोपाठ शाहिस्ताचं ओरडणं.

जून उजाडला तसा वसीम बालवाडीत जायचा झाला. पहिल्या दिवशी पाळी दुसऱ्या कुणाची होती, तरी रियाज स्वतः निघाला. नवा सदरा, केसांना तेल, हातात डबा. रस्ता ओलांडून, फाटकातून आत जाऊन त्यानं पोराला दारात सोडलं. वसीमनं आत डोकावून बघितलं. आत पोरं होती, चेंडू होता. तो मागं न बघता आत गेला. रियाज खिडकीशी उभा राहिला. उभाच राहिला. शेवटी मोहिनीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आता जा तुम्ही. रमलाय तो."

येताना त्याच्या दोन्ही हातांत काही नव्हतं. दोन्ही पोरं शाळेत सोडून असा मोकळ्या हातांनी रस्ता ओलांडायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

शाहिस्ता बांबूच्या फाटकात उभी होती. "रडला का?" तिनं लांबूनच विचारलं.

"कोण?"

"कोण म्हंजे? वसीम!"

"वसीम न्हाई रडला," रियाज म्हणाला.

शाहिस्तानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग हसली, ओढणीचा पदर बोटाला गुंडाळला आणि त्याचे डोळे पुसले.